गेजवरची माळ

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "आण्णा, छत्तीस वर्षं गावाला पाणी पाजलंत. त्यातले चार प्रेरणादायी प्रसंग लिहून द्या." मी बरं म्हणालो आणि पंधरा दिवस वही उघडून नुसता बसलो. कुणाला प्रेरणा मिळेल असं काही आठवेना. आठवायचा तो एकच माणूस, ज्याच्यावर मी नोकरीभर जळलो. शेवटी ठरवलं, त्याचंच लिहावं. छापायचं का नाही ते त्यांनी बघावं.

माझं नाव सदाशिव. निपाणीच्या बाजूच्या एका गावात पाणीपुरवठ्याकडं मी पंप ऑपरेटर होतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ह्यातली माणसं अजून रोज बाजारात भेटतात. त्या माणसाचं नाव यशवंत. आम्ही दोघं एकाच दिवशी, एकाच बाकावर बसून हेल्पर म्हणून लागलो. साहेबांनी दोघांकडं एकदा बघितलं आणि मला म्हणाले, "तू पंपहाऊसला." त्याला म्हणाले, "तू लाइनवर." पंपहाऊस म्हणजे डोक्यावर छप्पर, पंखा आणि खुर्ची. लाइन म्हणजे चिखल, खड्डे आणि लोकांच्या शिव्या. आमच्या घराला गावात चार माणसं ओळखत होती. यशवंतची आई विडी वळायची, आणि त्यांचं घर बुद्धविहाराच्या मागं, टोकाच्या गल्लीत. साहेबांनी ती वाटणी कशावरून केली हे मी तेव्हा विचारलं नाही. मला खुर्ची मिळाली होती, मी कशाला विचारतोय.

आता आमचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नदीकाठी एक खोल विहीर असते, तिला जॅकवेल म्हणतात. तिच्यावर पंपहाऊस. तिथून पाणी लोखंडी पाइपातून माळावरच्या टाकीत चढवायचं. ह्या पाइपाला आम्ही चढती लाइन म्हणायचो. वर स्वच्छ होऊन टाकीत पडलं की पाणी आपल्या पायांनी गावात उतरतं, त्याला वीज लागत नाही. सगळी मेहनत चढायची. आणि पंपाच्या पुढं, लाइनवर, ताटलीएवढं एक गेज असतं, पाण्याचा दाब दाखवणारं, काचेच्या आत काटा. पंप बंद केला की पाणी मागं येऊ न देणारी झडप आपोआप मिटते, आणि लाइनमधलं पाणी नदीपासून माळापर्यंत जागच्या जागी उभं राहतं. काटाही उभा राहतो. लाइन धड असेल तर तो तासभर हलायचा नाही. उतरायला लागला, तर पाणी कुठंतरी निसटतंय. एवढं लक्षात ठेवा.

पहिली वीस वर्षं माझीच होती. साहेब आले की आधी पंपहाऊसला यायचे. आमदार आले, शाळेची पोरं सहलीला आली, सगळी माझे पंप बघायला. एक नंबर आणि दोन नंबर असे दोन पंप होते, आणि त्यांच्या आवाजात बोलायचं म्हणजे माणसाला वर मान करून ओरडावं लागे. यशवंत तेव्हा कुठंतरी गटारीत कोपरापर्यंत हात घालून बसलेला असायचा. मला त्याची दया यायची. दया करायला लई सोपी असते, हे मला पुढं कळलं.

मग त्यानं गळती ऐकायची एक काठी केली. बेळगावला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात त्याचा मावसभाऊ लेथवर होता, त्याच्याकडून एक गुळगुळीत लोखंडी सळई करून आणली आणि तिच्या टोकाला सागवानी लाकडाची वाटी बसवली. पहाटे गाव निजलेलं असताना तो सळई पाइपावर टेकवायचा आणि वाटी कानाला लावायचा. गळतीचा आवाज लोखंडातून येतो. तो म्हणायचा, "हितं खणा," आणि तिथंच खणलं की पाणी.

एकदा पेठेतल्या एका वकिलांनी अर्ज दिला की शेजारी मोटर लावून त्यांचं पाणी ओढतो. यशवंत गेला. त्यानं दोन्ही घरांच्या मीटरवर सळई लावली आणि वकिलांना म्हणाला, "साहेब, तुमच्याच संडासाची टाकी गळतीया." वकील म्हणाले, लेखी द्या. यशवंतनं वाटी त्यांच्याच कानाला लावली. वकील बराच वेळ ऐकत उभे राहिले, मग आत जाऊन चहा सांगितला. ही गोष्ट पेठेत महिनाभर चालली. बायका त्याला बघून "यशवंतआण्णा, चहा घेऊन जावा" म्हणायला लागल्या. मी तीस वर्षं त्याच बायकांच्या हंड्यात पाणी पाडत होतो. पंपहाऊसला चहा घेऊन कुणी आलं नाही. मी घरी येऊन शालनला, म्हणजे बायकोला, म्हणालो, "काठी कानाला लावली की लोक डॉक्टर समजतात." ती म्हणाली, "तुम्ही बी लावा की." मी जेवलो नाही त्या दिवशी.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं. पण मग खात्याच्या नव्या इंजिनिअर मॅडम आल्या. धारवाडकडच्या, तरुण, मराठी बोलताना मध्ये मध्ये कन्नड यायचं. आल्या आल्या त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर कुठं किती वीज जाते त्याचा एक तक्ता लावला आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. म्हणाल्या, "नोड्री, बघा, आपल्या खात्याचा धूर कुठून निघतो?" आम्ही एकमेकांकडं बघितलं. मी म्हणालो, "मॅडम, आपल्याकडं धुराडंच न्हाय." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आहे. ते तुमच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला आहे, आण्णा. अजून बरीच वीज कोळशावर होते, आणि आपल्या विजेतली जवळजवळ सगळी तुमचे पंप खातात. धूर पंपहाऊसचाच."

मग त्यांनी तो कमी कसा करायचा ते सांगितलं. लागतो तेवढाच पंप ठेवायचा, मोठा नाही. झिजलेला पंप तसाच रेटायचा नाही. दिवसा उन्हाच्या विजेवर होईल तेवढं करून घ्यायचं. सांडपाणी कुजून वाईट वायू निघतो, त्याची विल्हेवाट लावायची. पण सगळ्यांच्या आधी गळती. म्हणाल्या, "टाकीच्या वाटेवर गळलेलं पाणी नुसतं पाणी नसतं. ते चढवलेलं पाणी असतं. त्याचा कोळसा आधीच जळलेला असतो." आणि यशवंतकडं वळून म्हणाल्या, "ह्या खात्यात धूर खरा कमी कुणी केला असेल, तर ह्यांनी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काल-परवापर्यंत मी गावाला पाणी पाजणारा होतो. एका सकाळी मी धूर सोडणारा झालो आणि गटारीत बसणारा धूर पुसणारा झाला. पुढं त्याला बेळगावला बोलावणं आलं, नवीन पोरांना ऐकायला शिकवायला. वर्तमानपत्रात फोटो आला, वाटी कानाला, डोळे मिटलेले. शालननं तो कात्रून ठेवला. मी तिला म्हणालो, "त्यात माझं काय हाय?" ती म्हणाली, "तुमच्या दोस्ताचा हाय म्हणून ठेवला."

पण मॅडम यायच्या आधीच एक गोष्ट घडून गेली होती. ती आजवर मी कुणाला सांगितलेली नाही.

आमच्याकडं खंडेनवमीला पंपांची पूजा असते. वर्षातून त्या एका दिवशी दोन्ही पंप तासभर बंद करायचे, मोटरी पुसायच्या, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, आरती, आणि मग सगळ्यांना चिरमुरे आणि पेढे. त्या तासाबद्दल गावात कुणी तक्रार करत नाही. एका खंडेनवमीला पंप बंद करून मी मोटर पुसत होतो आणि सहज गेजकडं नजर गेली. काटा उतरत होता. हळूहळू, पण उतरत होता. मला वाटलं झडप नीट मिटत नसेल. दुसऱ्या आठवड्यात झडप उघडून साफ केली. झडप चांगली होती. म्हणजे लाइनच फुटलेली होती, माझी चढती लाइन. मी गप्प बसलो. म्हटलं, बघू.

पुढच्या मे महिन्यात यशवंत सायकल टेकवून पंपहाऊसच्या दारात उभा राहिला.

"सदा, ओढ्याच्या पुलाखाली आळू बघितलास का?"

"आळवाचं काय?"

"मे म्हयन्यात ओढा कोरडा ठाक हाय, आनि आळवाची पानं सुपाएवढी. त्यो आळू तुझ्या पंपाचा हाय गड्या. तुझी लाइन तितनंच जाती. पन तितं ती काँक्रीटमध्ये हाय, काठीला काय ऐकू येत न्हाय."

मला ते आळू चांगलं माहीत होतं. ओढ्याकाठच्या शेतातली आक्का शालनला दर आठवड्याला पानं द्यायची, आणि शालन त्याच्या वड्या करायची. मी वर्षभर आवडीनं खाल्ल्या होत्या. मी यशवंतला म्हणालो, "तुला काठीत ऐकू आलं न्हाय ना? मग आळवावर काय बोलायलास. माझ्या लाइनचं मी बघतो." तो सायकल घेऊन गेला.

मला दुसरंच हवं होतं. गाव वाढलं होतं, माळावरची टाकी संध्याकाळपर्यंत भरेना झाली होती, टोकाच्या गल्लीला पाणी पोचायचंच नाही. मी तीन नंबर पंप मागितला होता. मोठा, नवा. त्याची फाइल वर गेली होती, आणि मी मनात त्याची जागासुद्धा आखून ठेवली होती. गळती सापडली तर तीन नंबर कशाला लागतोय? आणि सापडणार कुणाला, तर त्याला. माझ्या छपराखाली, माझ्या गेजवर, जिंकणार तो.

यशवंत पूजेला यायचा, पण दारातच उभा राहायचा. हात जोडायचा नाही, चिरमुरे मात्र खायचा, चेष्टामस्करी करायचा. दारातून गेज समोर दिसायचं. म्हणून त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी एक माळ जास्त आणली आणि ती गेजवर बांधली. दाट, काच पूर्ण झाकेल अशी. शालनला सांगून मापानं ओवून घेतली होती. पुढच्या वर्षी परत तेच.

तिसऱ्या वर्षी मॅडम आलेल्या होत्या. यशवंतनं त्यांना ओढ्याबद्दल लेखी दिलं. मॅडम म्हणाल्या, तीन नंबरवर सही करायच्या आधी एकदा काटा बघू. एरवी तासभर पंप थांबवायचा म्हणजे कुठल्या तरी गल्लीची पाळी बुडणार, म्हणून त्यांनी खंडेनवमीच धरली. मला आदल्या दिवशी निरोप आला. तरीही मी माळ बांधली.

पूजा चालू होती. पंप गप्प. मॅडम चप्पल काढून आत आल्या, वही उघडली आणि विचारलं, "आण्णा, गेज कुठाय?"

मी म्हणालो, "माळेखाली. आरती झाल्याबिगर माळ हालवायची न्हाय, मॅडम."

त्या थबकल्या. नव्या होत्या, आमच्या रीतीत ढवळाढवळ नको वाटली असेल. दारात यशवंत होता. त्याला म्हणाल्या, "यशवंतआण्णा, तुम्हीच जरा फुलं बाजूला करून बघा."

यशवंतनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. म्हणाला, "माळ पूजेची हाय, मॅडम. मी हात लावनार न्हाय."

आणि माझ्याकडं बघितलं. खरं सांगतो, माझी सगळी भिस्त ह्याच्यावरच होती. त्याच गावात, त्याच पंपहाऊसमध्ये, तो पूजेच्या माळेला हात लावणार नाही, आणि लावला तर त्याचं काय करायचं ते बाकीचे बघतील, हे मी माळ ओवून घेतानाच धरलं होतं. मत्सर माणसाला कुठवर नेतो म्हणून कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन.

मॅडम मला म्हणाल्या, "मग आण्णा, तुम्हीच बघून सांगा." मी बोटानं चार फुलं बाजूला केली. काटा निम्म्याच्या खाली गेला होता. मी फुलं सोडली आणि म्हणालो, "जाग्यावर हाय."

त्यांनी वहीत लिहिलं. आरती झाली. यशवंतनं त्या दिवशी चिरमुरे खाल्ले नाहीत.

त्याच्या अर्जावर शेरा पडला की शंकेला आधार नाही. ज्याचा कान गावात कधी चुकला नव्हता, त्याचा तो शेवटचा अर्ज. पुढच्या मार्चमध्ये तो निवृत्त झाला. शाल, नारळ, फोटो. मी भाषण केलं, चांगलं केलं. तीन नंबर आला तेव्हा मी नारळ फोडला. दणदणीत पंप होता. पण माझं मन लागेना. ज्यानं बघून जळावं असा माणूसच आता तिथं नव्हता.

तीन नंबरनं लाइनमध्ये दाब वाढवला, आणि मे महिन्यात एका सकाळी ओढ्याच्या पुलाखाली लाइन फाटली. आळू, बांध, शेतातलं सगळं वाहून गेलं. गावाला चार दिवस पाणी नाही. टँकर कोगनोळीकडून यायचे आणि टोकाच्या गल्लीत पोचायच्या आधीच रिकामे व्हायचे. यशवंत तेव्हा बेळगावला, हिंडलग्याच्या बाजूला, पोरांना शिकवत होता. मॅडमनी फोन केला. तो पहिल्या बसनं आला आणि कपडे न बदलता खड्ड्यात उतरला.

काँक्रीट फोडलं होतं. नवी चीर लांबलचक होती, आणि तिच्या सुरुवातीला एक भोक, अंगठा जाईल एवढं. यशवंतनं त्यात अंगठा फिरवला. "ह्ये आजचं न्हाय. कडा बघा, झिजून गुळगुळीत झाल्यात. लई वर्सांचं हाय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. सगळ्यांच्या समोर म्हणाल्या, "आण्णा, त्या दिवशी तुम्ही काटा जागेवर आहे म्हणाला होतात."

खड्ड्यातून, वर न बघता, यशवंत म्हणाला, "झेंडूत नीट दिसलं नसंल, मॅडम. म्हातारं मानूस."

तो माझ्यापेक्षा सात महिन्यांनी मोठा आहे. त्या वाक्यानं माझी नोकरी वाचली, नाव वाचलं. आणि आयुष्यात त्याच्यावर मी सगळ्यात जास्त जळलो ते त्या वाक्यासाठी. त्याच्या जागी मी असतो, तर मी ते म्हणालो नसतो. मला ते माहीत होतं, आणि मला वाटतं त्यालाही माहीत होतं.

लाइन दुरुस्त झाली. दुसऱ्या दिवशी एक नंबर चालू केला आणि टाकी दुपारीच भरली. दोन नंबरची गरज पडेना, तीन नंबरची तर नाहीच. सहा-सहा तास पंपहाऊस गप्प असायचं. मॅडमनी तक्त्यावर पंपहाऊसची रेघ खाली ओढली आणि म्हणाल्या, आपल्या खात्यात सगळ्यात जास्त धूर वाचला तो ह्या एका भोकात. तीन नंबरवर मी ताडपत्री घातली. अजूनही ती आहे. टोकाच्या गल्लीत पाणी पोचलं. यशवंतच्या घरी नळ दारात होता, पण त्याला पाणी येताना मी त्याच वर्षी पहिल्यांदा बघितलं.

मग माझी शेवटची खंडेनवमी आली. मी मोजून दोन माळा आणल्या, एक आणि दोन नंबरला. यशवंतला स्वतः जाऊन बोलावून आणलं. पंप बंद केले आणि माझी खुर्ची उचलून गेजसमोर ठेवली. म्हणालो, "बस."

"पूजा?"

"ती आमची आम्ही करतो. तू काटा बघ."

तो बसला. छत्तीस वर्षांत त्या खुर्चीत तो पहिल्यांदा बसत होता. हातात चिरमुऱ्याचा कागद, नजर काचेवर. आरती झाली, पेढे वाटले, तास होत आला. काटा केसभरसुद्धा हलला नव्हता. मी मागं जाऊन उभा राहिलो. सांगायचं हे मी घरातून ठरवूनच आलो होतो.

"यशा," मी म्हणालो, "गेल्या वर्षीची ती माळ..."

"तीन वर्सांची," तो म्हणाला. काट्यावरची नजर त्यानं काढली नाही. चिरमुऱ्याचा कागद तेवढा माझ्याकडं केला.